सूर थांबला की खडू उचलायचा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

कालच्या शाळेत मुलांनी आमचं वादन ऐकत रेघा ओढलेले कागद बसने पाठवले आहेत. चाळीस आहेत, मोजून घेऊ नकोस. आठवड्यातला हा तिसरा कार्यक्रम, शाळेतला यंदाचा पहिलाच. जेवणाच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून मुलांना जमिनीवर बसवलं होतं आणि मागे कुणीतरी आमच्या वादनाच्या तालावर भांडी घासत होतं. आमचे बासरीवाले सर्दीने बेजार, आमची दुसरी व्हायोलिनवाली घरची दोन्ही पोरं आजारी टाकून आलेली. आम्हां तिघांत मीच काय ती धडधाकट, म्हणजे बघ.

शेवटी नेहमीप्रमाणे व्हायोलिनवर माझा एकटीचा तुकडा वाजवला. मुलांना नियम तोच : सूर वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली, आणि थांबला की खडू उचलायचा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलं प्रथमच इतका वेळ गप्प बसली. मी इतकी दमले होते की त्यांना हसून दाखवायलाही जोर लागला. दरवर्षीसारखी एप्रिलमध्ये तुझ्या चित्रदालनाची मोठी भिंत आमची, याची तुझ्या साहेबांना आठवण करून दे.

सौ.ला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्राने कळत राहू दे.

तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात.)

चाळीस नाहीत, एकोणचाळीस आहेत. मोजून घेतले.

यंदा शिडी चढताना दालनातले सगळे माझ्याकडे बघतात आणि मी सगळ्यांवर खेकसतो. तीस वर्षं लोकांची चित्रं टांगली, आता मला कुणी टांगलं तर बरं असं वाटतं. असो. तक्रार अशी की, यंदा तुम्ही खडू भलतेच फालतू घेतले आहेत. प्रत्येक कागदावर मधोमध रेघ तुटली आहे. बोटभर जागा कोरी, मग खालून पुन्हा सुरू. बहुतेक खडू मोडत असावेत. पुढच्या वेळी चांगले घे, कंजूषपणा पुरे.

सौ. म्हणते, तू येऊन चार दिवस नुसती झोपून जा. मीही तेच म्हणतो. कृपा असू द्यावी.

तुझा धाकटा

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

खडूंचं तू म्हणतोस ते खरं असेल. बदलून घेते. दुसऱ्या शाळेचे कागद सोबत आहेत. यापेक्षा जास्त लिहीत नाही, फार कंटाळा आला आहे.

ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार.

हे पत्र मी तीनदा फाडलं. रागावू नकोस.

शाळा दुसरी, खडू नवे, तरी रेघ त्याच जागी तुटली आहे. साठच्या साठ कागदांवर. मग मी माळ्यावरून गेल्या वर्षीचे कागद काढले. त्यांत त्या जागी रेघ चढत चढत कागदाच्या वरच्या काठाला टेकते. कुणी कुणी तर कागद संपला म्हणून जमिनीवरही ओढली असणार.

ताई, तो तुकडा तू घरी घोकायचीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत अभ्यास करायचो. नीट झाला नाही म्हणून पुन्हा पुन्हा. माझा अभ्यास बुडाला, पण तुकडा पाठ झाला. तिथे थांबायचं नसतं. तिथे करंगळी ताणून सगळ्यात वरचा सूर घ्यायचा असतो. मुलांनी काही चुकवलेलं नाही. त्यांनी ऐकलं तसंच काढलं.

तुझ्या हाताला काय झालं आहे?

धाकटा

१ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझ्यापासून लपवलं याची लाज वाटते, आणि तुला शंभर लहान पोरांकडून कळलं याची जास्त.

डाव्या हाताची करंगळी पावसाळ्यापासून वळत नाही. सकाळी कपाचा कानही त्या हाताने धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवा, गेलेलं येणार नाही. म्हणून तिथे श्वास घेतल्यासारखं करते, सूर सोडते आणि खालून उचलते. बरोबर वाजवणाऱ्या दोघांना कळलं असणार, पण ते बोलले नाहीत. मुलांना काय कळतंय, असं मी स्वतःला बजावत होते. बावीस वर्षं ज्यांना मन लावून ऐका म्हणून सांगितलं, त्यांच्याबद्दल मी असा विचार केला.

मी थांबले तर शाळांचे कार्यक्रमही थांबतील अशी भीती आहे. आणि खरं सांगू? ते चालू राहतील, माझ्यावाचून, अशीही आहे. ती जास्त मोठी आहे.

एक मागणं आहे. यंदा भिंतीवर गेल्या वर्षीचे कागद लाव. शंभर कागदांवर एकाच जागी तुटलेली रेघ जो येईल त्याला दिसेल. एवढा माझा शब्द राख.

ताई

९ मार्च

ती. ताईस, नमस्कार.

आजवर तुझा शब्द मोडला नाही, हा मोडतो. मुलं आईबापांना घेऊन येतात आणि आपापला कागद शोधतात. तो सापडला नाही, दुसऱ्याचाच लावलेला दिसला, तर त्यांना मी काय सांगू?

मी यंदाचेच लावणार. ज्याला दिसेल त्याला दिसेल. तुझ्यावर माया आहे म्हणूनच.

अजून एक शाळा उरली आहे ना? तुझ्या शेजारी जी अकरा वर्षं व्हायोलिन घेऊन बसते, तिला तो तुकडा येत नसेल यावर माझा विश्वास नाही.

धाकटा

४ एप्रिल

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तिला येतो. विचारल्यावर म्हणाली, रोज भांडी आवरल्यावर वाजवते, घरच्या पोरांना वाटतं तो तिचाच आहे. शेवटच्या शाळेत तो तिनेच वाजवला, माझ्यापेक्षा थोडा हळू. मला आधी राग आला, मग आवडला.

मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि काय करावं कळेना, म्हणून एक कागद आणि खडू घेऊन मुलांमध्ये जाऊन खाली बसले. उठताना दोघा पोरांनी हात दिला. पुढच्या वर्षीपासून मुलांना कागद वाटायचं आणि नियम सांगायचं काम माझं. मी घरी येऊन खूप रडले आणि नंतर बारा तास झोपले. सौ.ला सांग, चार दिवस येते. कागद सोबत आहेत.

ताई

२२ एप्रिल

ती. ताईस, साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा, सौ.ने धरून उठवलं.

भिंत लावून झाली. लोक येतात, तुटलेल्या रेघा बघतात, कुणीच काही विचारत नाही. खालच्या ओळीत शेवटच्या शाळेचे कागद आहेत. रेघांचे सगळे डोंगर पुन्हा शाबूत. त्यांत एका कागदावर नाव नाही, इयत्ता नाही. तोही लावला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

काल एक सात-आठ वर्षांची मुलगी त्या कागदापुढे उभी राहिली आणि रेघेवरून बोट फिरवत गेली. तिने मला विचारलं, हे कुणी काढलं. मी म्हटलं, एक मुलगी आहे, शाळेत उशिरा आली. मग तिने अगदी बाईंसारखं बघून सांगितलं की, वर जाताना हिचा हात फार थरथरला आहे, पण हिने खडू उचललेला नाही.

खोली झाडून ठेवली आहे. येताना काही आणू नकोस. लोभ आहे, असाच राहो.

तुझा धाकटा