हरवलेलं शेवटचं रीळ

८ फेब्रुवारी

आन्याला आज चार गोष्टी विचारल्या. उत्तरं — येस, नो, मेबी, आय डोन्ट नो. नात सख्खी, आणि आमच्यात दुभाषी तिची आई, अदिती! अंकुर म्हणतो, "आई, उन्हाळ्यापर्यंत राहा ना." कशाला? अमेरिकेतल्या या ॲन आर्बरचा बर्फ बघत बसायला? महिनाअखेरीचं तिकीट आहे, मी निघणार.

९ फेब्रुवारी

अदितीने युनिव्हर्सिटीत सिनेमाला नेलं. शंभर वर्षांपूर्वीचा कोरियन मूकपट. कुणीच बोलत नाही, म्हणजे माझ्या सोयीचा. अंधार झाला आणि एक गृहस्थ पडद्याशेजारी उभे राहून मोठमोठ्याने बोलायलाच लागले. मी दुसऱ्या रांगेतून दणकून "शूऽऽ!" केलं. अदितीने माझा हात धरला. "अहो आई, तेच त्यांचं काम आहे!" कोरियात तेव्हा अशीच पद्धत होती म्हणे. मुलगा, सून, स्टेशनमास्तर — सगळ्यांचं बोलणं हा एकटा माणूस बोलणार. मी लाजेने अर्धमेली. गृहस्थांनी मात्र वाकून नमस्कार केला.

गोष्ट साधीच. म्हातारी शहरात मुलाकडे येते, करमत नाही, बोचकं घेऊन स्टेशनवर जाते. एक पाय गाडीच्या पायरीवर — आणि संपलं. शेवटचं रीळ हरवलंय. चुटपुट लागून राहिली.

१३ फेब्रुवारी

बर्फामुळे शाळा बंद. अदितीने तोच सिनेमा घरी टीव्हीवर लावून दिला. मी शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि सगळ्यांचं बोलले — मराठीत. म्हातारी नागपूरची केली, सून पुण्याची. अदिती पुण्याचीच, पण तिने मनावर घेतलं नाही. आन्या हसून हसून सोफ्यावरून खाली आली. "अगेन, आजी!" दोनदा केलं. घसा बसलाय. फार बरं वाटतंय.

१४ फेब्रुवारी

"बट डझ शी गो?" आन्या विचारते. म्हटलं, शेवट तू सांग. नियम मात्र तोच — पडद्याशेजारी उभं राहायचं आणि मराठीत बोलायचं. रुसली.

२२ फेब्रुवारी

बॅग भरायला घेतली. आन्या दिवसभर आईच्या कानाशी काहीतरी विचारत असते, मी दिसले की गप्प. काय शिजतंय कोण जाणे.

२३ फेब्रुवारी

जेवणं झाल्यावर सिनेमा लावला. म्हातारीचा पाय पायरीवर आला तशी आन्या उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गाडी गेला. आजी नाही गेली. आता मी बोलते ना, आजी."

अंकुरला म्हटलं, उन्हाळ्यातलं तिकीट बघ.