सातव्या प्रकरणातला चहा

१ जानेवारी १९९५

कादंबरीचं सातवं प्रकरण मला खरं केवढ्याला पडलं? आज हिशोब लावला. दोन वर्षं रोज सकाळी सुदामा नगरहून बडा गणपतीच्या टपरीपर्यंत फेरा. सकाळी तीन-तीन कप चहा, त्यातून जडलेलं पित्त. भट्टीच्या ठिणगीनं गेलेला एक स्वेटर. वर नंदिनीचे टोमणे — 'घरचा चहा पुस्तकात येत नाही ना!'

महागच पडलं. पण मिल बंद झाल्यावर माणसं काय बोलतात, ते असं समोर बसून कोणी ऐकलंय?

३ जानेवारी

खरमास. लग्नं नाहीत, म्हणून पत्रिका नाहीत, म्हणून प्रेस थंड. संक्रांतीनंतर रांग लागेल. त्याआधी कादंबरीवर शेवटचा हात फिरवून व्हायलाच हवा.

५ जानेवारी

प्रेसवर पुण्याहून फोन. आमच्या प्रकाशकांकडच्या संपादक, स्मिताताई. 'बाकी पुस्तक छान. सातवं काढू या का? टपरीवरची ती माणसं जरा जास्तच सुंदर बोलतात हो!'

मी हसलो. म्हटलं, 'ताई, त्यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळं या दोन कानांनी ऐकलेलं. प्रकरण गेलं तर पुस्तकही परत घेईन!'

'विचार करा,' म्हणाल्या.

पुण्यात बसून काय कळणार यांना!

६ जानेवारी

टपरीवर सांगितलं. लक्ष्मण भडकला — आम्ही एकाच दिवशी मिलमध्ये लागलो होतो. मी सहा वर्षांत सोडून प्रेस टाकली, तो शेवटपर्यंत लूमवर राहिला. आता ठेल्यावर मोजे विकतो.

'क्या बात करतो, भिया! आम्हाला काढते ती बाई?'

कृष्णराव, मिलमधले आमचे जुने जॉबर, म्हणजे मुकादम, बशीतला चहा फुंकत म्हणाले, 'एका माणसाची दोनदा छटनी? आधी मिलनं काढलं, आता पुस्तकानं!'

मग लक्ष्मण, अगदी हळू: 'भोंगा बंद झाला भिया, पण पोट अजून पहिल्या पाळीलाच उठतं.'

वा! घरी बसून सुचतं का असं वाक्य? तिथंच लिहून घेतलं.

८ जानेवारी

गारठा. दोन पानं. पित्त.

१० जानेवारी

नंदिनीला सातवं वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, 'लक्ष्मणभाऊ आपल्याकडे जेवायला येतात तेव्हा असं कुठं बोलतात? "वहिनी, लोणचं वाढा" एवढंच.'

'घरात लाजतो तो.'

'असेल.'

तिचं 'असेल' मला मुळीच आवडत नाही.

१२ जानेवारी

धुकं. नंदिनीच्या हुकमानं माकडटोपी. आज लवकर पोचलो. पुढचा बाक भरलेला, म्हणून ताडपत्रीमागे चहा घेऊन बसलो. कोणी ओळखलं नाही. पलीकडे आमची मंडळी. कान लावले.

कृष्णरावांचा गुडघा. गॅसचा नंबर. लक्ष्मणच्या मुलीचं बी. कॉम. परत गुडघा.

मग कृष्णराव म्हणाले, 'आज काय आणलं रे? येईलच तो.'

'भोंग्याचं तर झालं. आज चिमणीवर बोलतो — धूर नाही, तर आभाळसुद्धा बेकार दिसतं, असं काही. तुम्ही नुसती मान हलवा. मागच्या वेळेसारखं हसू नका हो!'

'आणि माझं?'

'तुमचं छटनीवालं मस्त जमलं होतं. तसंच एखादं टाका.'

चहा निवला. टोपी काढून पुढून आलो. 'आ गए भिया!' लक्ष्मण सरकला, जागा केली. जरा वेळानं चिमणीवर बोलला. छान बोलला. कृष्णरावांनी मान हलवली.

मी 'वा' म्हणालो. पेन खिशातच राहिलं.

१३ जानेवारी

लक्ष्मणला त्याच्या ठेल्यावर एकट्याला गाठलं. ताडपत्रीचं सांगितलं. तो मोज्यांच्या जोड्या लावत राहिला.

'एवढ्या दुरून येतो, सगळ्यांना चहा पाजतो. तुला रिकामा कसा पाठवू, भिया?'

रागावता येईना. त्यानं पाच रुपयेवाली जोडी निवडून माझ्या हातात कोंबली — 'पाय झाक, गारठा आहे.'

१४ जानेवारी

स्मिताताईंना फोन करून सातवं काढायला सांगितलं. मग टपरीवर जाऊन तेही सांगून टाकलं. वाटलं होतं, लक्ष्मण चिडेल.

'चला, सुटलो!' म्हणाला. 'तू नसतो तेव्हा इथं मिलचं नाव कोणी काढत नाही.'