जखमेवर एल-१७

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८
तारापूरच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली. आज पहिल्यांदा स्वतःचं कंपाउंड उंदरांपर्यंत पोचलं. जखमा झपाट्याने भरणार. नाव एल-१७. एल म्हणजे ललित. आधीच्या सोळांबद्दल लिहायचं नाही. सहा उंदरांच्या जखमांवर एल-१७, सहांच्या जखमांवर नुसतं औषधाविना मलम. दोन आठवड्यांत निकाल. प्रमोशन गृहीत.

७ नोव्हेंबर
नुसत्या मलमवाल्या उंदरांच्या जखमा सुकल्या. माझ्या उंदरांच्या ओल्याच. लॅबच्या हेड मेघाली मॅडमना सांगितलं, एल-१७ आतून काम करतंय. म्हणाल्या, रिपोर्टमध्ये ‘आतून’ लिहू नका.

९ नोव्हेंबर, रविवार
सासुरवाडी, सातपाटी. घोळ मासा कापताना सासूबाईंचा तळवा चिरला. संधी! मी बॅगेतून ट्यूब काढली. बायको, विजया, मध्ये उभी राहिली. म्हणाली, आईला उंदीर समजू नका. सासूबाई म्हणाल्या, “जावयबापू, पानी मारलंय, चिंधी बांधलीय. तुमचा मलम उंद्रांनाच लावा. आमाला काय नको हाय.”
विज्ञानाची हीच शोकांतिका. आता स्वतःवरच प्रयोग. पण मुद्दाम कापून घ्यायला हात धजेना. सुदैवाने दुपारी चिंबोरीने नांगीत बोट धरलं. ताबडतोब एल-१७.

१४ नोव्हेंबर
सासूबाई मंगळवारपासून मासळी विकायला बसतात. माझं बोट वांग्यासारखं. ताप १०१. लक्षणं आशादायक, औषध शरीराशी झुंजतंय.
संध्याकाळी विजयाने बोईसरच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. काय लावलंत, विचारलं. मी म्हटलं, गोपनीय आहे. विजयाने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. बोटाकडे नाही.

१७ नोव्हेंबर
निकाल. नुसतं मलम: सहापैकी सहा बरे. एल-१७: शून्य. मॅडमना म्हटलं, उंदीर कमी पडले. साठ द्या. त्यांनी प्रोजेक्ट बंद केला. स्वतःवर औषध लावल्याबद्दल मेमोही दिला. दूरदृष्टी नाही.
जेवण गेलं नाही. हे लिहायचं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
विजय!! शेजारच्या टीममधली दिशा स्वतःहून आली. म्हणाली, सर, एल-१७ आम्हाला हवंय. मी विचारलं, गुणाची खात्री पटली? म्हणाली, शंभर टक्के. तिच्या टीमला चिघळलेल्या जखमांवरचं औषध तपासायचंय. उंदरांच्या जखमा मात्र आपोआप भरून येतात. त्या भरू न देणारं एवढं खात्रीचं काही तिला दुसरं मिळालं नाही.
मॅडमनी लगेच सही केली.
घरी आल्याआल्या विजयाला सांगितलं, एल-१७ला मागणी आली. तिने विचारलं, कशासाठी?
मी टीव्हीचा आवाज वाढवला.