गमबुटातली वांगी

ती. सौ. मामीस,

तुझ्या वाया गेलेल्या भाच्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (पत्रातून पाया पडलं की धपाटा बसत नाही, म्हणून फोन केला नाही). तुझी कंबर कशी आहे? मामाचं घोरणं? मी मजेत आहे, आणि तेही तुझ्यामुळेच.

झालं काय, घरमालकीणकाकूंच्या दारावर मी 'रंग ओला आहे' अशी पाटी लावली. काकू बिचाऱ्या पिशव्या सांभाळत दुपारभर बाहेर उभ्या. मग म्हणाल्या, रविवारी खोली खाली कर. एवढ्या भाड्यात दुसरीकडे जिन्याखालचा कोनाडा मिळतो गं. तेव्हा तूच सुचवलंस, त्यांना जेवायला घाल, वांगी कर. म्हणून लांब चायनीज वांगी आणली, तू सांगितलीस तशी, चकचकीत, हिरव्या देठाची (भाजीवाली म्हणे, वांगी घेतोयस की मुलगी बघतोयस). फ्रीजमध्ये ठेवू नको म्हणालेलीस ते विसरलो आणि कोंबली. सगळी मावेनात. उरलेली काकांच्या गमबुटांत घातली. काका बर्फाच्या कारखान्यात आहेत, पहाटे दिवा न लावता बूट चढवतात. खोली वाचवायची होती हे कबूल, पण बूट समोर तोंड उघडून उभे होते, मामी. नेमकी कारखान्यात मशीन बिघडली, काका घरीच, आणि माझी गंमत वाया.

रविवारी बघतो तर फ्रीजमधली वांगी मऊ पडून डागाळलेली. बुटातली मात्र सावलीत, हवेशीर, टवटवीत (धुतली गं, दोनदा). सालं न काढता तिरके तुकडे केले, आधी वाफवले. मागे थेट तेलात टाकले तर मामा चहा पितो तसं सगळं तेल प्यायले होते. मग तापल्या कढईत लसूण, सोया सॉस आणि वांगी. काकूंनी परत परत वाढून घेतलं, काकांनी तर कढईच पुसली. शेवटी काकू म्हणाल्या, "राहा आता. पण पुन्हा पाटी दिसली तर बघ."

खरं सांगतो मामी, इतक्या लांबून तू मला घर मिळवून दिलंस.

तुझाच,
भाचा

ता. क. काकूंची वांगी टिकत नाहीत, माझी कशी टिकली विचारत होत्या. मी म्हटलं, मामीची युक्ती. त्या तुला फोन करणार आहेत. बूट सोडून काहीही सांग.

ता. क. आणखी एक. सगळ्यांत लांब वांगं कढईत टाकल्याचं आठवत नाही. मशीन दुरुस्त झाली, काकांनी बूट आत खाटेखाली नेऊन ठेवलेत, पहाटे चढवतील. हे पत्र पोचेपर्यंत बहुतेक मीही पोचेन. मागची खोली झाडून ठेव.