अस्मिताची तिसरी लेव्हल

९ सप्टेंबर, मंगळवार
अस्मिता पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला, मुलाखतीला. सौ.ने थालीपीठं दिली. "नको गं, तिथं डबा उघडता येत नाही," म्हणत होती, शेवटी नेला. इथं नगरला कोर्टासमोर माझ्या टायपिंगच्या टेबलाशी आज गर्दी. मान वर करायला फुरसत नाही, तरी सारखा फोन बघत होतो. शेजारच्या टेबलवरचा गायकवाड म्हणाला, "पोरगी सी.एफ.ए. झाली की आम्हाला ओळख द्या म्हणजे झालं." जुलैत दुसरी लेव्हल पास झाली तेव्हा सगळ्या टपऱ्यांवर पेढे मीच वाटले. गुंतवणूक क्षेत्रातली मोठी परीक्षा, तीन लेव्हल, दोन झाल्या, एक राहिली. इतक्यांदा सांगितलंय की चहावाल्यालाही पाठ.
सात वाजता आली. "कसं झालं?" "झालं." एवढंच.

१० सप्टेंबर
जेवताना बोलली. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो. "पप्पा, तिसरी लेव्हल मी आत्ता देत नाहीये. थांबवतेय."
सौ.चा हात परातीत तसाच राहिला.
काल मुलाखतीला बाकावर शेजारी एक मुलगा होता म्हणे. तिन्ही लेव्हल पास. आणि आला होता त्याच जागेसाठी. जागा काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या अहवालातले आकडे तपासून संगणकात भरायचे. अनुभव नाही म्हणून त्यालाही परत पाठवलं, हिलाही. "एस.टी. स्टँडपर्यंत बरोबर चालत आलो. म्हणाला, तिसरी झाली की दार उघडेल असं मलाही वाटायचं."
मी नको ते बोललो. "मग चार वर्षं दार लावून केलंस काय?"
"शिकले. ते कुठं गेलं नाही, पप्पा."
ताट धुऊन ठेवलं आणि आत गेली. तिचा आवाज चढला नाही. माझाच चढला होता.

१३ सप्टेंबर, शनिवार
दुसरा शनिवार, कोर्ट बंद. सकाळीच तिच्याशी बोलायचं ठरवून बसलो. मुद्दे काढून ठेवले होते. तिनं एक वही पुढे केली. दोन वर्षांत जिथं जिथं अर्ज केला त्याची नोंद. तारीख, काम कसलं, उत्तर काय. पानंच्या पानं "उत्तर नाही". मुलाखत झाली असेल तिथं खाली स्वतःच्या चुका. "इंग्रजीत अडखळले." "प्रश्न कळला नव्हता, कळल्यासारखं केलं. परत करायचं नाही."
आयुष्यभर लोकांचे कागद टाईप केले. स्वतःविरुद्ध इतकं सरळ कुणी लिहिलेलं आठवत नाही.
वही मिटून परत दिली. माझे मुद्दे खिशातच.

१९ सप्टेंबर
तिला न विचारता वकीलसाहेबांशी बोललो. वीस वर्षं त्यांचं टायपिंग करतो, कधी काही मागितलं नाही. त्यांचे एक स्नेही सावेडीत गुंतवणुकीचं ऑफिस चालवतात, त्यांचा नंबर दिला. खुशीत घरी आलो.
अस्मितानं ऐकून घेतलं. "मला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग, "असू दे. बोलते मी."

२२ सप्टेंबर, सोमवार
सावेडीच्या त्या स्नेह्यांना फोन तिनं बाहेर ओट्यावर उभं राहून केला. मी पेपर धरून आत बसलेलो, अक्षर वाचलं नाही.
"काम नेमकं काय असेल, सर?" बराच वेळ ऐकत होती. मग, "म्हणजे सुरुवातीला ओळखीच्या लोकांनाच योजना विकायच्या." परत ऐकलं. "सर, जे मला अजून पटलेलं नाही ते मामा-मावशीला घ्या म्हणून मी नाही सांगू शकणार. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे."
फोन ठेवून माठातलं पाणी प्यायली. लगेच दुसरा फोन वकीलसाहेबांना. त्यांचेही आभार मानले, का जमत नाही ते सांगितलं. मला त्यांच्यासमोर खाली बघायला लागू नये म्हणून.
मी आजवर एकाही वकिलाला नाही म्हटलेलं नाही. अर्जंट म्हटलं की जेवण सोडून टाईप केलंय. ही सव्वीस वर्षांची.

२ ऑक्टोबर
धम्मचक्र प्रवर्तन दिन. भिंगारच्या विहारात सगळे. सौ.चे भाऊ नामदेव खर्ड्याहून सहकुटुंब. वंदना झाली, जेवणाच्या रांगेत त्यांनी विचारलं, "काय दाजी, भाची कवा हुतीय मोठी साहेबीन?"
मी म्हणालो, "तयारी जोरात चालू आहे."
अस्मिता दोन हातांच्या अंतरावर, खीर वाढत. तिला ऐकू गेलं. पळी पातेल्यात ठेवली. "मामा, परीक्षा थांबवलीये मी. आता नोकरी बघतेय, इथंच नगरला." सांगताना माझ्याकडे बघितलंही नाही, मुद्दाम. चार बायका वळून बघायला लागल्या. ही आपली पुढच्या ताटात खीर वाढायला लागली.
नामदेव म्हणाले, "आसं व्हय. बरं, तुला ठावं तुझं. पन पुस्तकं इकू नको बरं का. आमच्या सुनंला शिकायचं लई याड हाय, तिला दाव."
घरी येताना वाटलं, आता बोलेल. ती खिरीत साखर जास्त झाली एवढंच बोलत होती. शेवटी मीच म्हणालो, "मगाशी मी खोटं बोललो."
"माहितीये. तुम्हाला सवय व्हायला वेळ लागेल, पप्पा. मलाही लागतोय."

१६ ऑक्टोबर
पाथर्डीकडची एक मुलगी आईबरोबर आली होती, गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला. कॉलेजला लागतं, मधली वर्षं कुठं होतात म्हणून. मजकूर ठरलेला, "घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात खंड पडला." डोळे मिटून टाईप होतो. आज का कोण जाणे, थांबून विचारलं, "खरं कारण काय गं?"
आई दचकली. मुलगी म्हणाली, "कंटाळले होते काका. आता परत शिकावं वाटतंय."
टाईप नेहमीचंच केलं. त्या गेल्यावर डोक्यात आलं, हे प्रतिज्ञापत्र करायला येणारा प्रत्येक जण परत शिकायला निघालेला असतो. सोडून दिलेला कशाला येईल? इतकी वर्षं टाईप करतोय, कधी लक्षात आलं नाही.
घरी सांगितलं नाही. तिच्यावर दडपण नको.

३ नोव्हेंबर, सोमवार
अस्मिता कामावर रुजू. एम.आय.डी.सी.त पंपांचे सुटे भाग करणारी कंपनी, कॉस्टिंगचं काम, म्हणजे एकेका भागाला खर्च किती येतो ते काढायचं. जाहिरात तिनंच शोधली, मुलाखत तिनंच दिली. मला पत्र हातात आल्यावर कळलं.
संध्याकाळी आली तर बाहीला काळं तेल. सौ. वैतागली, नवा ड्रेस. हिनं टेबलावर बसायच्या आधी साहेबांना सांगितलं म्हणे, आधी मशीनवर उभी राहते. अर्धा दिवस शोभाताई म्हणून ऑपरेटर आहेत त्यांच्यापाशी काढला. "त्या म्हणाल्या, ऑफिसातली पहिलीच बाई इकडं आली, नाहीतर नुसते कागद येतात." मी म्हटलं, कशाला उभं राहायचं, आकडे तर कागदावर असतातच. तर म्हणते, "ते कशाचे आहेत ते बघायला नको का?"
बराच वेळ बोलत होती. किती दिवसांनी एवढी बोलली.

११ नोव्हेंबर, मंगळवार
फेब्रुवारीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. माझ्या डोक्यात आठ दिवसांपासून. तिच्याही असणार. कामावरून आली, चप्पल काढतेय तोवर मी म्हणालो, "फीची सोय करून ठेवली आहे. अजून वेळ आहे."
"पप्पा, नको."
खोलीत गेली, दार लावलं. थोड्या वेळानं रडण्याचा आवाज. उशीत तोंड घालून रडतात तसा. मी उठलो तर सौ.ने हाताला धरून बसवलं. "आता जाऊ नका. तिचं तिला करू द्या."
अर्ध्या तासानं तोंड धुऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. "रडू आलं. पण ठरलंय तेच." मग सौ.समोर मेथी निवडायला बसली.
मला दोन महिने वाटत होतं, हिला सोपं गेलं. विहारात बोलली, फोनवर बोलली, सहज. काही सोपं गेलेलं नाही. रोज उठून परत ठरवत होती ती. मी बघत नव्हतो.

३० नोव्हेंबर, रविवार
अस्मिता अकरा वाजेपर्यंत झोपली. चार वर्षांत पहिल्यांदा. सौ.ने मिक्सर लावला नाही, चटणी पाट्यावर वाटली. मला म्हणे, खोकायचं तर बाहेर जाऊन खोका.
दुपारी दोघी माळीवाड्यात, कंपनीत घालायला जाड कापडाचा ड्रेस आणायला. गडद रंगाचा, तेल दिसू नये असा.

१८ डिसेंबर
गायकवाड आज परत, "काय, परीक्षा कधी?" म्हणालो, "थांबवली आहे. नोकरी करते." त्यानं "अरेरे" केलं. आधी असतं तर मला लागलं असतं. आज म्हणालो, "अरेरे कशाला? तिनं ठरवलंय." आणि टाईप करायला लागलो. दोन ओळी चुकल्या, परत केल्या.

२७ डिसेंबर, शनिवार
चौथा शनिवार, मी घरी. अस्मिताला कंपनी आहे. सकाळचा चहा तिघांचा बरोबर. फोनवर मेल आला तो तिनं वाचून दाखवला, ऑगस्टच्या परीक्षेची नोंदणी सुरू होतेय. सौ. म्हणाली, "मग?"
"मग काय. कंपनीत साहेब म्हणतात, मार्चनंतर आणखी काम अंगावर घेशील का. शोभाताईंच्या विभागाचं सगळंच. मला आवडतंय ते. आणि परीक्षाही डोक्यातून गेलेली नाही." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुम्हाला काय वाटतं, पप्पा?"
सप्टेंबरपासून पहिल्यांदा विचारलं. तेव्हा न विचारता किती बोललो होतो मी. आज फक्त "संध्याकाळी सांगतो," म्हणालो. ती हसली, डबा घेतला, बस चुकेल म्हणून पळाली.
दिवसभर वाक्य जुळवतोय. परीक्षा दे म्हणावं तर तिला वाटेल, मला अजून पेढेच वाटायचे आहेत. नको म्हणावं तर ते खरं नाही. तुझं तू ठरव म्हणावं, तर तिनं विचारलंय मला.
सहा वाजता आली. नवीन मशीन आलंय त्याच्याबद्दल सांगत जेवली. मी विषय काढला नाही, तिनंही नाही. उठताना फक्त म्हणाली, "घाई नाहीये, पप्पा."
उद्या रविवार. ती घरी आहे.