साडूंचं पुस्तक, माझं अंडं

३ मार्च, रविवार. सकाळी.
काल साडूंच्या घरी माझा अपमान झाला. लिहून ठेवतोय, कारण माझा स्वभाव मुळात क्षमाशील आहे आणि मी विसरून जाण्याची भीती आहे.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरगुती उपकरणांचं दुकान आहे. वर्षभर मोबाइलवर मायक्रोवेव्हमधल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. आता त्यांचं पुस्तक येतंय, 'मायक्रोवेव्हमध्ये रोजचं जेवण'. त्याचे फोटो मी काढले. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याने, माझे रविवार घालवून.

काल जेवताना ते फोटो टीव्हीवर लावले. साडू टीव्हीजवळ जाऊन बघून आले. मग म्हणाले, मेहनत दिसतेय हो, पण भात जरा आजारी वाटतोय. सासूबाई म्हणाल्या, भाताचं सोडा, भोपळा तर गेल्यासारखाच दिसतोय. सगळे हसले. माझी बायकोही. तिचं म्हणणं तिला ठसका लागला. ठसका लागलेला माणूस बहिणीला टाळी देत नाही.

आता पुस्तकाचे फोटो दुकानातला सेल्समन काढणार. मोबाइलवर.

निषेध म्हणून भात दुसऱ्यांदा घेतला नाही. म्हणजे थोडाच घेतला.

सूड घेणार.

५ मार्च, मंगळवार.
योजना तयार. ऑफिसात बसूनच केली. पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात असल्याने विचाराला निवांतपणा मिळतो. लोक येतात, नळाला पाणी नाही म्हणून ओरडतात, मी शांतपणे 'अर्ज द्या' म्हणतो. माझी तक्रार घ्यायला मात्र जगात एकही खिडकी नाही.

तर योजना. पुस्तकाचं प्रकाशन वीस एप्रिलला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. आमच्या कॅमेरा क्लबचं प्रदर्शन त्याच दिवसापासून, खालच्या हॉलमध्ये. वर जायला जिना एकच, आणि तो आमच्या हॉलमधून जातो. मी फोटोंची सीरीज करणार: मायक्रोवेव्हचा खरा चेहरा. चामड्यासारखा झालेला पाव. सुरकुतलेला बटाटा. उतू गेलेलं दूध. फुटलेलं अंडं. साडूंचा एकेक पाहुणा ते बघत बघत वर जाईल, आणि वर पोचेपर्यंत त्याची भूक मेलेली असेल.

अडचण एकच. आमच्या घरी मायक्रोवेव्ह नाही. बायको कधीपासून मागतेय, पण अन्न ज्योतीवरच शिजलं पाहिजे असं माझं तत्त्व आहे. आता तत्त्व न मोडता मायक्रोवेव्ह आणायचा कसा?

९ मार्च, शनिवार.
आणला. साडूंकडूनच.

त्यांना फोन करून म्हटलं, या यंत्राचा जरा अभ्यास करावा म्हणतो. खोटं नव्हतं. तासाभरात ते स्वतः खोका घेऊन हजर. दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला होता, म्हणाले, तुमच्याकडेच राहू दे, घरातल्या घरात कसली औपचारिकता. जिना चढून घामाघूम झाले होते. जाताना मला मिठी मारली.

शत्रूच्याच तोफेने शत्रूचा किल्ला पाडायचा! मिठीमुळे काही काळ मन डळमळलं. मग मुद्दाम त्यांचे व्हिडिओ बघितले. पुन्हा चीड आली. आता ठीक आहे.

बायको यंत्राकडे बघत राहिली. तत्त्वाचं काय झालं, असं विचारलं. म्हटलं, हे कलेसाठी आहे.

१० मार्च, रविवार.
पहिलं शूटिंग. पाव.

मुद्दाम नको तितका वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा टेबलावर आपटून आवाज येत होता. उत्तम. खिडकीजवळ ठेवून फोटो काढले.

फोटोत तो पाव नुकताच भट्टीतून आल्यासारखा दिसतो. सोनेरी. कडेला कुरकुरीत. मी सावली वाढवून पाहिली तर आणखी खमंग दिसायला लागला. लेक मैत्रिणीकडून आली, स्क्रीन बघून म्हणाली, बाबा, तू काढलास? खरंच? आणि मग टेबलावरचा पाव उचलून चावायला गेली. दाताला इजा नाही.

दोष उन्हाचा आहे. नको त्या वेळी चांगलं ऊन पडलं. बटाट्याला पडदे लावून घेईन.

१४ मार्च, गुरुवार.
बटाटाही सुंदर आला. साल सुरकुतली, पण फोटोत ती एखाद्या अनुभवी माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसते. काय करावं कळत नाही.

त्यात यंत्र मोकळं मिळत नाही. बायको औषधांच्या दुकानातून दिवसभर उभी राहून येते आणि आल्या आल्या ते ताब्यात घेते. बटाटे त्यात, भात त्यात, सूप त्यात. मी म्हटलं, हे शूटिंगसाठी आणलंय. आणि अन्न ज्योतीवर शिजायला हवं. ती म्हणाली, मग शिजवा की, ज्योत तिथेच आहे. आणि बाल्कनीत जाऊन बसली.

रोज बसते आता. स्टुलावर पाय ठेवून. आज गुणगुणतही होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं गुणगुणायची, मधे बंद झालं होतं. ते का बंद झालं याचा मी कधी विचार केला नव्हता. आजही केला नाही, कारण उजेड जात होता. तिचा पाठमोरा एक फोटो काढला. फोकस नेमका लागला.

सीरीजसाठी निरुपयोगी. ठेवलाय.

१७ मार्च, रविवार.
नवीन तंत्र. जेवणाचे फोटो काढणारे ओला कापूस मायक्रोवेव्हमध्ये तापवून ताटामागे लपवतात, त्याची वाफ पदार्थाची वाटते. मी विचार केला, हेच शस्त्र उलटं वापरू. भरपूर कापूस ठेवला तर वाफ न वाटता धूर वाटेल. घर पेटल्यासारखं सूप.

फोटोत सूप वाफाळतं, ताजं दिसतंय. बघूनच पोटात बरं वाटतं. मी हरणार नाही, पण थकलोय.

सासूबाई दुपारी आल्या होत्या. मी कॅमेरा आवरेपर्यंत त्यांनी बशीमागचा कापसाचा गोळा अंड्याचा पांढरा भाग समजून तोंडात घातला. म्हणाल्या, मऊ आहे, पण मीठ कमी पडलं. भोपळ्याबद्दल जे बोलल्या होत्या त्याची अशी परतफेड झाली. ही माझ्या योजनेत नव्हती, तरी यशातच धरतो.

२३ मार्च, शनिवार. दुपारी.
आज अंडं.

हा सीरीजचा मुकुटमणी. अंडं सालासकट ठेवायचं, ते फुटणार, आणि फुटण्याचा क्षण काचेतून टिपायचा. बायको कामावर. कॅमेरा ट्रायपॉडवर, शेजारी मी वाकून. कपडे खराब होऊ नयेत म्हणून बायकोचा फुलाफुलांचा एप्रन घातला.

बराच वेळ काही झालं नाही. अंडं फुसकं निघालं असं वाटून नीट बघायला पुढे झालो.

आवाज शेजाऱ्यांनी ऐकला. विचारायला आले. त्यांना सांगितलं, कलेचं काम चालू आहे.

संध्याकाळी.
फोटो बघितला. त्यात अंडं नाहीच. काचेवर पिवळे शिंतोडे, आणि शिंतोड्यांच्या मधोमध काचेत उमटलेला मी. तोंड उघडं, डोळे बाहेर, एक हात डोक्यावर, एप्रनवरची सगळी फुलं टवटवीत. लेक हसता हसता जमिनीवर बसली. तिला बजावलं की मोबाइलवर घेतलेला हा फोटो आत्ताच्या आत्ता डिलीट कर. हो बाबा, म्हणाली. तेवढी आज्ञाधारक आहे.

यंत्र मला पुसायला लागलं. वाडग्यात पाणी आणि लिंबू तापवलं की आतलं सगळं सुटून येतं. हा उपाय साडूंच्या व्हिडिओत सापडला. नाइलाज होता. व्हिडिओला लाइक दिलेला नाही.

३१ मार्च, रविवार.
क्लबची निवड समिती. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, कलेतलं कळतं असा त्यांचा समज आहे. मी पाव, बटाटा, दूध, सूप मांडलं आणि गंभीरपणे सांगितलं की ही यंत्राने अन्नावर केलेल्या अत्याचाराची कहाणी आहे.

सगळे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, पोचलं. मग अध्यक्षांनी विचारलं, हा पाव कोणत्या बेकरीतला? खजिनदार म्हणाले, सूप बघून जेवायची आठवण झाली. शेवटी अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन समजावलं, तुमचं काम सुधारलंय, पण आपलं प्रदर्शन कलेचं आहे. जाहिरातीचे फोटो आपण घेत नाही.

जाहिरातीचे!

दातांच्या डॉक्टरांचा सूड वेगळा घ्यावा लागेल. त्यांना यादीत दुसरा नंबर दिला.

प्रदर्शन गेलं तर गेलं. प्रकाशनाच्या दिवशी भर हॉलमध्ये उभा राहून साडूंना एकच प्रश्न विचारणार. प्रश्न असा: 'आपण दोन मार्चला एका कलावंताला काय म्हणालात, आठवतं का?' आरशासमोर म्हणून पाहिला. 'कलावंताला'वर आवाज चिरकतो. सराव हवा.

६ एप्रिल, शनिवार.
विश्वासघात. लेक माझे सगळे फोटो पहिल्या पावापासून मावशीला पाठवत होती. साडूंचा फोन आला. सेल्समनच्या प्रत्येक फोटोत त्याचं बोट आलंय, छापखाना थांबलाय, तुमचे फोटो देवासारखे धावून आले, देता का?

मी थंडपणे म्हटलं, विचार करून सांगतो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, विचार कसला, ताईने कालच छपाईला दिलेत.

तेव्हा मी परवानगी दिली. अट घातली की माझं नाव मुखपृष्ठावर हवं. ते म्हणाले, अहो, तुम्ही तर पुस्तकाच्या आत आहात. बरं वाटलं.

आता परिस्थिती अशी: त्यांचं पुस्तक सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे. मी केव्हाही फोटो परत मागू शकतो. छपाई झाली आहे ही बाब तांत्रिक आहे.

२० एप्रिल, शनिवार. रात्री आठ.
नुकतेच आलो. जसं घडलं तसं लिहितो.

हॉल भरलेला होता. मी कडेच्या खुर्चीवर, प्रश्न तोंडपाठ. साडू भाषणाला उभे राहिले. दोन वाक्यांनंतर अडकले. आता माझी वेळ होती. मी उभा राहिलो.

मला उभं राहिलेलं बघून त्यांचा चेहरा फुलला. 'हे बघा, हे आले! या, या, वर या!' असं म्हणून त्यांनी मला स्टेजवर ओढलंच, खांद्यावर हात टाकला, आणि तिथून पुढे सुरळीत बोलले. एकदाही अडखळले नाहीत. त्यांचा हात सगळा वेळ माझ्या खांद्यावर होता. जड होता. प्रश्न विचारायला जागाच मिळाली नाही.

टाळ्यांमध्ये पुस्तक उघडलं. पाव छान छापलाय. सूप तर फारच. मग एक अख्खं पान: 'हे कधीही करू नका'. त्यावर मी. एप्रनसकट. खाली ओळ: 'अंडं सालासकट ठेवल्यास असं होतं. छायाचित्रात आमचे साडू.'

लेक खुर्च्यांमागे लपली होती.

लोक रांग लावून आले, मला वाटलं साडूंच्या सहीसाठी. रांग माझ्या सहीसाठी होती. सगळ्यांना त्याच पानावर सही हवी होती. एक बाई म्हणाल्या, तुमचा चेहरा फ्रिजवर लावणार, म्हणजे घरात कुणी अंडं ठेवणार नाही. मी सह्या केल्या. पेन संपलं, दुसरं आणलं.

गर्दी ओसरल्यावर साडूंना गाठलं आणि करड्या आवाजात विचारलं, दोन मार्च आठवतो का? त्यांनी कपाळाला हात लावून विचार केला. म्हणाले, आठवतो की, त्या दिवशी दुकानात पंखे आले. का हो, तुम्हाला पाहिजे होता का?

मी नको म्हटलं. मग हळूच म्हणाले, आज तुम्ही उभे राहिलात म्हणून निभावलं. मला तर पळून जावंसं वाटत होतं.

मी त्यांना पाणी आणून दिलं; याचा सूडाशी संबंध नाही.

२८ एप्रिल, रविवार.
सूड आता निर्णायक टप्प्यात आहे. मी शत्रूच्या गोटात शिरलोय.

झालं असं की व्हिडिओ बघणाऱ्यांनी साडूंकडे तगादा लावला, ते अंड्याचे काका कुठेत, त्यांना आणा. म्हणून आता प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीला मी चूक करायला जातो, साडू 'थांबा!' म्हणून ओरडतात, आणि मग बरोबर पद्धत दाखवतात. आज मी स्टीलची वाटी ठेवायला गेलो. पाच वेळा घ्यावं लागलं, कारण माझं दचकणं साडूंना खोटं वाटत होतं. मी म्हटलं, मी कलावंत आहे, नट नाही. ते म्हणाले, तेच तर, तुम्ही मनापासून करा.

बायकोने घरी आल्यावर विचारलं, सूड झाला का घेऊन? म्हणजे तिला माहीत होतं. म्हटलं, नाजूक अवस्थेत आहे, बाहेर बोलू नकोस. ती बरं म्हणाली, आणि बाल्कनीत जाता जाता, तेवढे बटाटे झाले असतील, काढा, म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. यंत्र गप्प होतं. टोचे मारले नाहीत तर बटाटाही अंड्यासारखा फुटतो, आणि ते मारले होते का हे तिला विचारायचं राहिलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस योग्य ते अंतर ठेवतो. मी कोपऱ्यातली छत्री घेतली, अर्धवट उघडून तोंडासमोर धरली आणि झाडूच्या दांड्याने दार उघडलं.

काही फुटलं नाही. बटाटे उत्तम शिजले होते.

मागे वळलो तर बायको दारात उभी, हातात मोबाइल. मी काही म्हणायच्या आत फोटो गेलासुद्धा. बटाटे ताटात येईपर्यंत साडूंचं उत्तर आलं: पुढच्या रविवारी येताना छत्री आणा.

छत्री दाराजवळ काढून ठेवली आहे. विसरायला नको.