पुसलेली तीट

रविवार, संध्याकाळ

परदेशात आल्यापासूनची पहिली चर्च पिकनिक आज झाली. पोर सगळ्यांच्या मांडीवर फिरत होती, मी मात्र दुधाची बाटली धरून एकटीच उभी. एका गोऱ्या आजींनी तिच्या गालावरची तीट डाग समजून प्रेमानं पुसून टाकली. आणि मी चक्क ‘थँक्यू’ म्हणाले! सांगता आलं नसतं का मला?

मघाशी नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिनं पहिलं तेच पाहिलं. “अगं, तीट कुठंय? एवढ्या माणसांत नेलंस पोरीला. लाव आधी.”

काजळाची डबी उघडली. नवरा कामावर, घर चिडीचूप. तीट लावते, पण नजर लागायला घरात कुणी माणूस तरी हवं ना?